रानबियांच्या अटी

टाकळ्याचे बी एकदा तळहातावर घेऊन निवांतपणे पाहावे. ते हरभऱ्यासारखे गोल नसते, मुगासारखे लांबटही नसते. एखादी बारीक कांडी दोन्ही टोकांना तिरकी छाटावी तसा त्याचा आकार, रंग काळपट तपकिरी, आणि अंगावर अशी तुकतुकी की जणू कोणी त्याला रोगण लावून ठेवले आहे. पावसाळ्याच्या तोंडी कोकणातल्या माळावर, घाटावरच्या पडीक जमिनीत आणि विदर्भात, जेथे हिला तरोटा म्हणतात तेथे, रस्त्यांच्या दोन्ही अंगांना जी भाजी कोणी न पेरता उदंड उगवते, तिचे बी घरच्या कुंडीत उगवणे हे अगदीच सोपे काम असले पाहिजे, अशा समजुतीने मी पहिल्या वर्षी चाळीस बिया मोजून पेरल्या, नेमाने पाणी घातले, आणि तीन आठवड्यांनी चार रोपे मोजली. उरलेल्या छत्तीस बिया माती उकरून पाहिल्या तेव्हा जशाच्या तशा तुकतुकीत निघाल्या. त्या किडल्या नव्हत्या, कुजल्या नव्हत्या, मेल्याही नव्हत्या. त्यांनी उगवावयाचे नाकारले होते. मी ती माती बियांसह इमारतीच्या कुंपणाच्या भिंतीशी ओतून दिली.

त्या नकाराचा अर्थ लावण्यात माझी पुढची काही वर्षे गेली, आणि रानभाज्यांच्या वा इतर अपरिचित खाद्य वनस्पतींच्या बिया घरी रुजवू पाहणाऱ्या वाचकापुढे आज जे मांडावयाचे आहे, ते सारे त्या अर्थातूनच निघालेले आहे. मेथी, मुळा, गवार, भेंडी यांच्या बिया पेरल्या की आठ-दहा दिवसांत माती फोडून वर येतात, त्यामुळे ओल मिळाली की बीजाने उगवलेच पाहिजे असा आपला ग्रह होऊन बसतो. परंतु ही आज्ञाधारकता बीजाला उपजत मिळालेली नाही, ती शेतीने त्याच्या अंगी बाणवली आहे. माणसाने प्रथम धान्य पेरावयास आरंभ केला तेव्हापासून प्रत्येक हंगामात एक निवड नकळत होत आली: जे बी पेरल्याबरोबर उगवले त्याचे कणीस सुगीच्या वेळी विळ्याखाली आले आणि पुढील पेरणीसाठी राखले गेले, जे रेंगाळले ते शेतातच राहिले आणि कणगीतल्या बियाण्यात त्याचा वंश शिरू शकला नाही. रानातील बीजावर असा कोणाचा अंमल नव्हता आणि त्याच्यापुढील प्रश्नही निराळा होता. वैशाखातल्या एखाद्या वळवाच्या सरीला भुलून माळावरचे यच्चयावत बी एकाच दिवशी उगवले आणि पुढे महिनाभर थेंब पडला नाही, तर त्या वनस्पतीचे त्या माळावरील नावनिशाण उरावयाचे नाही. म्हणून एकाच झाडाच्या बियांनी जणू आपापसांत मुदती वाटून घेतलेल्या असतात, काहींनी यंदाची, काहींनी पुढल्या सालाची, काहींनी त्याहून लांबची. आणि प्रत्येक जातीच्या बीजाने उगवण्यापूर्वी पुरी व्हावयाची एखादी अट घालून ठेवलेली असते. वनस्पतिशास्त्रात या स्थितीस सुप्तावस्था म्हणतात. रानबी घरी रुजविणे म्हणजे त्या त्या बीजाची अट ओळखणे आणि ती इमानेइतबारे पुरी करणे. खत, पाणी आणि मशागत यांचा विचार त्यानंतर.

शेतीने बीजात काय पालट केला हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही. उपवासाच्या जिन्नसांचा डबा पुरे. राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला, तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणलेला, आणि आपल्या माठाचा व वाटेवरच्या काटेमाठाचा सख्खा भाऊबंद. काटेमाठाचे बी काळेभोर व चकचकीत असते. राजगिऱ्याचे पांढुरके, जवळजवळ अर्धपारदर्शक. राजगिऱ्याच्या रानटी पूर्वजांचे बीही असेच काळे होते. पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीत त्याचे कवच पातळ झाले, रंग उतरला आणि त्याबरोबर थांबून राहण्याची वृत्तीही गेली. दोन ताटल्यांत ओले कापड घालून एकीत लाह्या न केलेला राजगिरा आणि दुसरीत काटेमाठाचे बी पसरून ठेवावे. चार दिवसांत राजगिऱ्याच्या ताटलीत पांढऱ्या मोडांचे जाळे झालेले दिसेल. काटेमाठाची ताटली आज दोन, उद्या एक, परवा एकही नाही, अशी हप्त्याहप्त्याने फेड करीत राहील. पाळीव बीज आणि रानटी बीज यांच्यातील सारे अंतर त्या दोन ताटल्यांत एका दृष्टिक्षेपात दिसते.

आता टाकळ्याकडे परत येऊ. त्याची अट कवचाची आहे. शेंगा धरणाऱ्या कुळातील कित्येक बियांच्या कवचात उभ्या पेशींची एक दाट फळी असते आणि तिच्यावर पाणी न धरणारा मेणचट लेप असतो, त्यामुळे बी महिनोन् महिने ओल्या मातीत राहिले तरी आतला गर्भ कोरडाच राहतो. निसर्गात हे कवच दिवसाची ऊन माती आणि रात्रीचा गारवा यांच्या फेऱ्यांनी, वाळूच्या घर्षणाने, सूक्ष्म जीवांच्या उपद्रवाने सावकाश झिजते, आणि ज्या बीजाचे ज्या वर्षी झिजले ते त्या वर्षी उगवते. हे काम घरी घडवून आणावयाचे तर देवघरातील सहाणेसारखे साधन नाही. दुसऱ्या वर्षी मी टाकळ्याच्या बिया सहाणेवर पसरल्या, वर जाड कापडाची घडी धरली आणि चंदन उगाळताना जेवढा दाब देतात तेवढ्याच दाबाने आठ-दहा फेरे दिले. तुकतुकी गेली आणि तपकिरी अंगावर फिकट ओरखडे उमटले. रात्री त्या कोमट पाण्यात घातल्या. सकाळी वाटीत सरळ दोन पक्ष पडलेले होते: ज्या बियांत पाणी शिरले होते त्या फुगून दुपटीने मोठ्या, निस्तेज व मऊ झाल्या होत्या आणि त्यांचे कवच ताणून सुरकुतले होते; ज्यांत शिरले नव्हते त्या तळाशी खड्यासारख्या टणटणीत होत्या. फुगलेल्या मातीत गेल्या, न फुगलेल्या पुन्हा सहाणेवर. त्या वर्षी चाळिसांपैकी चौतीस बिया उगवल्या. सहाण नसेल तर बारीक पॉलिशपेपर चालतो. किंवा पाणी आधणापर्यंत तापवून, चुलीवरून उतरवून, थोडे निवल्यावर ते बियांवर ओतावे आणि रात्रभर तसेच निवू द्यावे. हादगा आणि चौधारी घेवडा यांच्या टणक बियांनाही हाच उपचार लागू पडतो.

माठ, घोळ यांसारख्या वाळूच्या कणाएवढ्या बियांची अट अगदी वेगळी आहे. कवच झिजविण्याचे कष्ट त्यांच्या बाबतीत व्यर्थ ठरतात, कारण त्यांना हवा असतो उजेड. एवढ्याशा बीजात शिदोरी फारच थोडी. ते बोटभर खोल मातीत उगवले तर प्रकाश गाठण्यापूर्वीच ती संपून जाईल. म्हणून आपण पृष्ठभागाजवळ आहो याची खात्री पटल्याशिवाय अशा पुष्कळशा बिया हालचालच करीत नाहीत. ही खात्री बीज कशी करून घेते याचा उलगडा अमेरिकेतील मेरीलँड प्रांतात बेल्ट्सव्हिल येथील शेतकी संशोधन केंद्रात झाला. बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी 1952 साली लेट्यूसच्या भिजविलेल्या बियांवर तांबड्या प्रकाशाचा झोत टाकला तेव्हा त्या उगवल्या. तांबड्याच्या पलीकडील, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अतिरक्त प्रकाशाचा झोत मागाहून टाकला तेव्हा त्या थांबल्या. आणि हे झोत आलटून पालटून कितीही वेळा टाकले तरी बीजाने मानला तो शेवटचा. या प्रकाशाची नोंद घेणारे बीजातील द्रव्य पुढे फायटोक्रोम या नावाने ओळखले गेले. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि पलीकडचा खाली सोडतात, म्हणून दाट झाडीखाली पडलेल्या बीजाला वरती दुसऱ्यांची वस्ती असल्याची वर्दी त्या प्रकाशातूनच मिळते, आणि ते जागा मोकळी होईपर्यंत थांबते. नांगरट केल्यावर शेतात तणाची लाट का उठते, याचेही एक कारण हेच: फाळाने माती उलथली की पुरलेल्या बियांना क्षणभर सूर्य दिसतो.

पुरलेले बी किती काळ थांबू शकते, या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी विल्यम बील या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 साली मिशिगनमध्ये वीस बाटल्या जमिनीत पुरल्या. प्रत्येकीत ओलसर वाळू आणि वीसहून अधिक जातींच्या प्रत्येकी पन्नास बिया होत्या, आणि त्यांत आपल्या ओळखीची घोळही होती. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून तीतील बिया पेरावयाच्या, असा हा प्रयोग बील यांच्या पश्चात त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी चालू ठेवला. 2021 साली बाटली काढली तीही रात्रीच्या अंधारात, कारण वेळेपूर्वी उजेड लागला तर बीज जागे होण्याचे भय होते. आणि 142 वर्षे भूमीत राहिलेल्या बियांपैकी मुलीन जातीच्या काही बिया त्या वर्षीही उगवल्या. हे वाचल्यापासून मी माठाचे व घोळीचे बी मातीवर नुसते भुरभुरतो, हाताने हलके दाबतो, वर मातीचा थर देत नाही, आणि झारीच्या धारेने ते वाहून जाऊ नये म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून ओल खालून चढू देतो. मोठ्या बियांसाठी जुना नियम पुरेसा आहे: बीजाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून अधिक नाही.

चाकवताने तर एकाच झाडावर दोन प्रकारचे करार करून ठेवले आहेत. त्याच्या बहुतेक बिया काळ्या, जाड कवचाच्या व दीर्घ मुदतीच्या असतात. त्यांतच थोड्या तपकिरी, पातळ कवचाच्या बिया असतात, आणि त्या ओल लागताच उगवतात. हिवाळा तोंडावर आला असता चाकवत पेरणाऱ्याने पहिली विरळ उगवण पाहून निराश होऊ नये आणि कुंडीही रिकामी करू नये.

करटोलीची कहाणी सर्वांत लांबणीची, आणि माझ्या मते सर्वांत मनोवेधक. पिकून नारिंगी झालेले करटोले आपोआप उकलते, आत तांबड्या गरात गुंडाळलेल्या काळसर, ओबडधोबड बिया दिसतात. गर धुऊन काढावा, बी सावलीत वाळवावे आणि पेरण्यापूर्वी त्याच्या कवचाची कड हलक्या हाताने तडकवावी. तरीही उगवण्यास काही आठवडे लागतात आणि सगळ्या बिया उगवत नाहीत. एवढे झाल्यावरही फळाची हमी नसते, कारण करटोलीत नरवेल वेगळी आणि मादीवेल वेगळी. बीजावरून वा पानांवरून ती ओळखता येत नाही, फूल उमलेपर्यंत थांबावेच लागते. मादीफुलाखाली बारीक मऊ काट्यांचे इवलेसे करटोले आधीपासूनच असते. नरफुलाखाली ते नसून एक रुंद हिरवे छदपर्ण असते. रानातील करटोलीची फिकट पिवळी फुले तिन्हीसांजेला उमलतात आणि निशाचर पतंग त्यांचे परागण करतात. शहरातील चौथ्या मजल्यावर ते पतंग फिरकत नाहीत; म्हणून श्रावणातल्या संध्याकाळी मी नरफूल खुडतो, त्याच्या पाकळ्या मागे दुमडतो आणि पुंकेसर मादीफुलाच्या मधोमध अलगद टेकवितो. दोन-तीन दिवसांत फूल सुकते. परागण साधले असेल तर त्यामागचे काटेरी बाळ फुगू लागते, नसेल तर पिवळे पडून गळते. शेतावर आठ-दहा मादीवेलींमागे एक नरवेल पुरते. घरी मात्र पाच-सहा रोपे राखावी, म्हणजे दोन्ही मिळण्याचा संभव राहतो. हिवाळ्यात वेल साफ वाळून जाते आणि मालकाला ती मेल्याचा भास होतो. या वेळी कुंडी रिकामी करण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण मातीत कंद असतो आणि तो उन्हाळाभर निजून पहिल्या पावसाच्या सुमारास पुन्हा कोंब काढतो. बीजासाठी सोसलेला विलंब असा एकदाच सोसावा लागतो; त्यापुढे कंद वर्षानुवर्षे साथ देतो.

चौधारी घेवड्याची अट उगवण्यापाशी संपत नाही, ती फुलण्यापर्यंत पाठपुरावा करते. चार कंगोऱ्यांची, कातरल्यासारख्या कडांची ही शेंग कोकण-गोव्याच्या परसात कोठे कोठे आढळते. तिच्या कोवळ्या शेंगा, पाने, फुले, वाळलेले दाणे आणि काही जातींचे मुळाशी येणारे कंदही खाण्याजोगे असल्यामुळे, आणि दाण्यांत सोयाबीनच्या तोडीचे प्रथिन असल्यामुळे, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 1975 साली तिच्यावर एक स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला होता. परंतु जो गृहस्थ उत्साहाने हिला फाल्गुनात पेरील, त्याच्या पदरी चैत्र-वैशाख-ज्येष्ठभर नुसता पानांचा मांडव येईल. ही वेल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही. मुंबईच्या अक्षांशावर जूनमधील दिवस सुमारे सव्वा तेरा तासांचा असतो आणि डिसेंबरातील अकरा तासांचा. तो बारा तासांच्या आसपास उतरला, म्हणजे नवरात्राचे दिवस आले, की चौधारीला निळसर फुले लागतात. दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते हा शोध गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी 1920 साली तंबाखू व सोयाबीन यांच्यावरील प्रयोगांतून जाहीर केला, आणि पुढे असे दिसून आले की झाड मोजते ती वस्तुतः रात्र, अखंड काळोखाची लांबी. माझ्या सज्ज्याच्या एका कोपऱ्यावर रस्त्यावरील दिव्याचा उजेड रात्रभर पडतो. त्या कोपऱ्यातील फांद्यांना फुले लागली ती अंधाऱ्या बाजूच्या फांद्यांनंतर कितीतरी दिवसांनी. मृगाच्या आगेमागे पेरावी आणि काळोखाच्या बाजूला चढवावी, एवढे या वेलीचे म्हणणे आहे.

अपरिचित वनस्पती पोटात घालावयाची तर उत्साहाइतकीच सावधगिरी अगत्याची आहे, आणि हा विषय मी वाचकांच्या मर्जीवर सोडू इच्छीत नाही. टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा त्याच माळावर उगवतो. त्याच्या बिया खाऊन लहान मुलांच्या जिवावर बेतल्याच्या घटना उत्तर भारतात घडलेल्या आहेत. टाकळ्याच्या पानात बोथट, गोलसर टोकांच्या पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असून त्यांच्या जोड्या चार-पाच असतात. भाजी ओळखणाऱ्या माणसाकडून बी घ्यावे, आणि पहिले रोप त्याला दाखवूनच खुडावे. अबईच्या कोवळ्या शेंगांची भाजी उत्तम होते, पण तिचे पक्व टपोरे दाणे कच्चे खाणे अपायकारक असते. ज्याला अगदी निर्धोक आरंभ हवा असेल त्याने मायाळू पेरावी: बी रात्रभर भिजवून लावले की दोन-तीन आठवड्यांत उगवते, वेल अर्ध्या उन्हातही वाढते, पानांची भजी होतात, आणि जांभळी फळे पिकली की बोटांवर रंग ठेवून पुढील वर्षाचे बी स्वतःच हातात देतात.

त्या पुढील वर्षाच्या बियाण्याचे जतन ही या सर्व खटाटोपाची खरी पूर्तता होय. बीज जितके कोरडे आणि जितके गार, तितके ते टिकाऊ. बीजातील ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य अदमासे दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील ठोकताळा आहे. आपल्या आज्या बी सावलीत खडखडीत वाळवून, चाळलेल्या लाकडी राखेत घोळवून मडक्यात तोंड बांधून ठेवीत, तेव्हा त्या हाच नियम पाळीत होत्या, कारण कोरडी राख ओलावा ओढून घेते आणि किडीलाही दूर ठेवते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा मोठा संग्रह अशाच घरगुती ज्ञानावर उभा केला, आणि 2020 सालच्या पद्मश्रीने देशाने त्यांच्या कार्याचा गौरव केला. शहरातल्या माणसाला तेवढे करता येणार नाही. परंतु काचेच्या एका बाटलीत वाळलेले बी, तीवर नाव, गाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी, आणि ते बी मागणाऱ्या शेजाऱ्याला चमचाभर देण्याची दानत, एवढे कोणाच्याही आवाक्यात आहे. जी भाजी चार घरांत वाढते ती एका घरातून गेली तरी नाहीशी होत नाही.

पहिल्या वर्षीची ती माती कुंपणाच्या भिंतीशी ओतली त्यास आता सहा वर्षे झाली. दर मृगाला, पाऊस दोनदा चांगला कोसळून गेला की मी तेथे जाऊन पाहतो. एखाद्या वर्षी तीन रोपे दिसतात, एखाद्या वर्षी एकच. संध्याकाळ झाली की ती आपली पाने जोडून मिटून घेतात. शेंग धरण्यापूर्वीच मी ती भाजीसाठी खुडतो, म्हणून नव्या बियांची त्यांत भेसळ नाही. जी उगवतात ती त्या चाळिसांतलीच. आजवर तेथे अकरा मोजली आहेत. पंचवीस अजून भूमीत आहेत, आणि मी त्यांच्याकडे तगादा लावीत नाही.